बातमीची दुहेरी नोंद

प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि एकाच बाजूची नोंद करणाऱ्याचा ताळा जमत नाही, हे वाणिज्य शाखेत आम्हांला प्रथम शिकवले जाते. हा नियम हिशेबाच्या वह्यांपुरताच का असावा? बातमीलाही तो लागू नाही काय?

म्हादईचेच पाहा. ही नदी कर्नाटकात उगम पावून गोव्यात येते. डिचोली तालुक्यातून वाहणारी वाळवंटी तिलाच मिळते. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी ठरवून दिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित अहवालास मान्यता दिली. बातमी एकच, परंतु आमच्या डिचोलीत चिंता नदी आटण्याची, तर हुबळी-धारवाडात चिंता पिण्याच्या पाण्याची. मराठी व कन्नड अशी दोन्ही वृत्तपत्रे वाचणाऱ्यालाच हा प्रश्न पुरता कळेल.

मोबाईलच्या पडद्यावर मात्र उलट घडते. एकदा जे आवडीने वाचले, त्याच जातीचे पुन्हा पुन्हा पुढे येते. पानात काय वाढायचे ते यंत्र ठरवते आणि पान भरलेले पाहून आपण तृप्त होतो. पंक्तीत दुसरे काय शिजले होते, याचा पत्ताही लागत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. त्याचे नाव फीड, अर्थात आरएसएस. १९९९ साली नेटस्केप कंपनीने तो प्रचारात आणला. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची, मथळा, तारीख व दुवा असलेली, यादी तयार ठेवते. आपल्या संगणकावरील फीड-रीडर ठरावीक वेळाने ती यादी तपासतो आणि नवे तेवढे आपल्यापुढे मांडतो. क्रम सामान्यतः तारखेचा; अगदी रोजकीर्दीसारखा! एका रकान्यात मराठी वृत्तपत्र ठेवा, दुसऱ्यात कन्नड. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने शेजारी रिझर्व्ह बँक आणि सेबी यांची फीडही ठेवावीत.

काही जण म्हणतील, हे आता जुने झाले. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद पडला, हे खरे. परंतु फीड ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नव्हे. दुकान बंद झाले तरी नाणे चलनात राहिले. पॉडकास्ट आजही प्रामुख्याने याच मार्गाने श्रोत्यांपर्यंत पोचतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपण निवडलेली यादीही एकांगी असू शकते. मान्य! पण ती यादी आपल्या डोळ्यांसमोर असते. तिच्यात कोण नाही हे पाहता येते आणि उणीव भरून काढता येते. यंत्राने केलेली निवड तपासायला आपल्या हाती वहीच नसते.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच दोऱ्याने शिवलेले आहेत. किती जण दोन्ही चाळतात? विद्यार्थी मित्रहो, पेडण्याला व डिचोलीला तिळारीचे पाणी महाराष्ट्रातून येते, म्हादईचे कर्नाटकातून. शेजाऱ्याची बाजू ठाऊक नसताना आपली बाजू तरी नीट कशी मांडता येईल? निदान बातमीची तरी दुहेरी नोंद ठेवू या.

— तृतीय वर्ष, वाणिज्य