मावळे रंगवा, पण ब्रश तोंडात नको

दिवाळी जवळ आली, की शहापूरच्या बाजारात किल्ल्यावर मांडायचे मावळे येतात आणि मला २०२० साल आठवते.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. माझा दवाखाना चालू होता. शहापूरला रोज, मुरबाडला आठवड्यातून दोन दिवस. ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर "डॉक्टर, झोप लागत नाही" म्हणणारेही पुष्कळ येत. बाहेर रांग आणि मनात स्वतःचीही भीती. अशा वेळी पाच मिनिटे बोलत बसण्यापेक्षा झोपेची गोळी लिहून देणे सोपे जाते. मी ती फार जणांना लिहून दिली, हे आज कबूल करतो. त्यांतल्या काहींची गोळी अजून सुटलेली नाही.

त्यांतलेच एक मुरबाडकडचे निवृत्त एस.टी. वाहक. मुलगा मुंबईत अडकलेला, सून-नातू गावी. आयुष्यभर गर्दीत तिकिटे फाडलेला माणूस एकदम रिकामा झाला. मे महिन्यात अर्धी गोळी सुरू झाली, गणपतीपर्यंत ती पूर्ण झाली. ऑक्टोबरात शाळा बंद असलेल्या नातवाने अंगणात किल्ला करायला घेतला. मावळे जुने, रंग उडालेले, कोणाचे नाक गेलेले. काकांनी ते रंगवायला घेतले. रोज सकाळी दोन तास. "डॉक्टरसाहेब, मावळ्याचा डोळा काढताना दुसरं काही मनात येतच नाही," असे ते मला म्हणाले. रात्री झोप लागू लागली. मग मी त्यांची गोळी हळूहळू कमी करत नेली. (कोणीही ती एकदम बंद करू नये, त्रास होतो.) सगळे श्रेय मावळ्यांना देता येणार नाही, दिवाळीच्या आधी मुलगाही घरी पोहोचला होता.

इंग्लंड-अमेरिकेत पटावर लुटुपुटीच्या लढाया खेळणारी मोठी माणसे बोटभर उंचीच्या सैनिकांची पलटणच्या पलटण रंगवतात. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने अशा खेळाचे नियम सांगणारे पुस्तक १९१३ सालीच लिहिले. आपल्याकडे तो खेळ नसला तरी सैन्य आहे! पण मुले दहा-बारा वर्षांची झाली, की ते माळ्यावर जाते आणि मोठ्यांनी हात लावला तर लोक हसतात. यात हसण्यासारखे काय आहे? नजर, बोटे आणि श्वास एका ठिकाणी आणणारे काम मनाला विसावा देते. मी तर आता झोपेची तक्रार आली, की आधी विचारतो, "दिवसभर हाताला काय काम असते?"

मात्र हा प्रत्येकावरचा उपाय नव्हे. हाच सल्ला मी एका बाईंना दिला. त्यांनी ब्रश हातातही धरला नाही, कारण त्यांना खरोखरीचे नैराश्य होते आणि औषधांची गरज होती. दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, जेवण-झोप गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

आता रंगांविषयी. काकांनी एक मावळा मला भेट म्हणून आणला. हातात भगवा झेंडा, आणि काकांच्या खालच्या ओठावर तोच रंग! झेंड्यासाठी त्यांनी तेलात शेंदूर कालवला होता आणि टोक काढायला ब्रश ओठांत धरत होते. नातूही पाहून तसेच करत होता. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. ते पोटात गेले तर मोठ्यांना वाईटच, पण मुलांच्या मेंदूला फार घातक; मुलांसाठी शिशाचे कुठलेही प्रमाण सुरक्षित नाही. सुदैवाने चार-पाच दिवसांचाच प्रकार होता. शेंदूर बंद करायला लावला. अमेरिकेत १९१७ च्या सुमारास घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुली असाच ब्रश ओठांनी टोकदार करत. त्यांची जबड्याची हाडे सडली, कित्येक दगावल्या.

घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण सुट्या पुडीतल्या रंगावर काहीच लिहिलेले नसते. तेव्हा मुलांचे पाण्यात कालवायचे रंग घ्यावेत. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन वापरायचेच असेल तर ओटीवर बसावे. जुना रंग कोरडा घासू नये, ओल्या फडक्याने काढावा. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच बसावे आणि वीसेक मिनिटांनी मान वर करून लांब पाहावे. शहापूरकरांना त्यासाठी माहुलीचे सुळके आहेतच.

काकांचा तो मावळा अजून माझ्या दवाखान्यात आहे. काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा.