सोसायटीची सभा रेकॉर्ड करताय? माइक तोंडाजवळ ठेवा

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पुनर्विकासाच्या सभेचं तर चित्रीकरण करावं, असं ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयातच आहे. पण चित्र स्पष्ट आणि बोलणं अस्पष्ट, अशा रेकॉर्डिंगचा उपयोग काय? कोण काय म्हणालं यावरून उद्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद होतील. म्हणून आवाजाची काळजी आधी घ्या.

महागडा माइक घ्यायची घाई करू नका. माइक बोलणाऱ्यापासून किती लांब आहे, हे आधी पाहा. अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते. पंख्याची घरघर आणि हॉलचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. मग शब्द त्यात बुडतात.

सभासदांसाठी हातात धरायचा, समोरचाच आवाज जास्त घेणारा माइक घ्या. तो तोंडापासून चार बोटांवर धरायला सांगा. जाळी मुठीत झाकू देऊ नका. टेबलावर अध्यक्ष आणि सचिवांसाठी स्टँडवरचा एक-एक माइक पुरे. जो बोलत नाही, त्याचा माइक बंद ठेवा. सगळे चालू राहिले तर घुमारा वाढतो.

माइकचं तोंड स्पीकरकडे नको. स्पीकर माइकच्या पुढे, सभासदांकडे तोंड करून ठेवा. शिट्टी वाजण्याची शक्यता कमी होते. शक्य असेल तर माइकजवळचा पंखा बंद करा.

साउंडवाल्याला आधीच विचारा, मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग मिळेल का? मिळत असेल तर घ्याच. पण माइकशिवाय बोललेलं त्यात येणार नाही. म्हणून सभासदांच्या मधोमध एक फोनही रेकॉर्डिंगला लावा. त्याच्याखाली रुमाल ठेवा, टेबलाचे धक्के लागणार नाहीत. फोन फ्लाइट मोडवर टाका. चार्जिंग आणि मोकळी जागा तपासा.

सभेच्या अर्धा तास आधी मागच्या रांगेतल्या कुणाला तरी बोलायला लावा. मिनिटभर रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. आवाज फाटत असेल तर पातळी कमी करा.

सभा सुरू होताना रेकॉर्डिंग चालू असल्याचं सर्वांना सांगा. प्रत्येकाने आधी नाव आणि फ्लॅट नंबर सांगावा. ठराव मांडताना सूचक आणि अनुमोदकांची नावं माइकवर मोठ्याने घ्या. माइक फिरवायला चपळ अशी एक व्यक्ती नेमा. ज्येष्ठांपर्यंत तिने स्वतः जावं, त्यांना उठून पुढे यायला लावू नये.

त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकून पाहा. एक प्रत सचिवांकडे, दुसरी समितीतल्या आणखी एकाकडे द्या. इतिवृत्त लिहिताना शंका आली, तर आठवणीवर विसंबू नका. रेकॉर्डिंग लावा, ऐका, मगच लिहा.