दोन चाके, एक आस

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक लांबून येते, आतले जवळून. पण त्यांच्यात भांडण होत नाही, कारण ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत जोर चाकांनाच पुरवावा लागतो, आणि तोही दोघांच्या वेगातला फरक सांभाळून. हा समेट घडवणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. मिस्त्री ज्याला ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात, ती दात्यांची जोडीही याच घरात नांदते.

साध्या डिफरन्शियलचा स्वभाव मात्र फार भिडस्त! दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, पण तो दुबळ्या चाकाला झेपेल तेवढाच. एक चाक चिखलात गेले, की ते जागीच गरगरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे स्वस्थ उभे राहते. आपल्याकडच्या ट्रॅक्टर चालकाला हे सांगायला नको. अशा वेळी तो ‘डिफ लॉक’ लावून दोन्ही चाके एकत्र बांधतो, आणि ते लागलेले असताना ट्रॅक्टर वळवायचा नसतो हेही त्याला पक्के ठाऊक असते.

अमेरिकेतल्या हौशी मोटारवाल्यांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. फोर्ड कंपनीच्या पाच लिटर इंजिनाच्या मस्टँगचे उदाहरण घ्या. १९८७ ते १९९२ या वर्षांत ती कारखान्यातून २२५ अश्वशक्ती घेऊन निघत असे. सुपरचार्जर बसवून ही शक्ती दुपटीवर नेणारे मालक तिकडे पुष्कळ आहेत. रविवारी हीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर धावते आणि सोमवारी पावसात मुलांना शाळेत सोडते. इंजिनाची शक्ती दुप्पट झाली, पण मागचा आस जुनाच राहिला. मग काय बदलायचे?

पहिला सल्ला बहुधा ‘नऊ इंची’ बसवण्याचा मिळतो. फोर्डने १९५७ च्या गाड्यांपासून वापरलेला हा आस अमेरिकी शर्यतींत दंतकथाच होऊन बसला आहे. मस्टँगमधला मूळचा आस ८.८ इंची. हे आकडे क्राऊनच्या व्यासाचे. म्हणजे फरक अवघा पाच मिलिमीटर! नऊ इंचीचे बळ खरे तर दुसरीकडे आहे. त्याचा पिनियन बराच खाली बसवलेला असतो आणि त्याच्या टोकाला आणखी एक बेअरिंग आधार देते. पण पिनियन खाली असल्याने दाते एकमेकांवर अधिक घासतात, थोडी शक्ती उष्णतेत जाते, शिवाय वजनही वाढते. साडेचारशे अश्वशक्तीच्या, रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला चांगला बांधलेला ८.८ इंची पुरतो. नऊ इंचीच्या नावाचा दबदबा गरजेपेक्षा मोठा आहे.

मात्र ८.८ इंचीत एक गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. त्याचे ॲक्सल आतल्या टोकाला इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या छोट्याशा कडीने अडकवलेले असतात. ॲक्सल मोडला, तर तुटका तुकडा चाकासकट बाहेर सरकू शकतो. नऊ इंचीत ॲक्सल बाहेरच्या टोकाशी, बेअरिंगजवळ पट्टी व बोल्टांनी धरलेला असतो. म्हणून जाणकार आधी मूळचे २८ खाचांचे ॲक्सल काढून ३१ खाचांचे जाड ॲक्सल घालतात आणि कडीऐवजी बाहेरून धरणारी टोके बसवून घेतात. चकचकीत सुट्या भागांपुढे हा खर्च रुक्ष वाटतो, पण मागच्या सीटवर मूल बसणार असेल तर पहिला पैसा इथेच पडायला हवा.

आता घराच्या आतला कारभारी निवडायचा. पूर्ण जखडणारा ‘लॉकर’ सरळ रेषेतल्या शर्यतीत मर्द गडी. पण ओल्या वळणावर तो मध्येच खटकन जोडला गेला, तर गाडीची शेपटी फिरते. मूळच्या मस्टँगमध्ये क्लचच्या चकत्यांचा प्रकार असतो. तो रस्त्यावर गुणी, पण चकत्या झिजतात आणि पकड हळूहळू इतकी कमी होते, की मालकाला पत्ताही लागत नाही. त्याला तेलात खास मिश्रणही घालावे लागते, नाहीतर वळताना थरथर सुरू होते.

तिसरा प्रकार टॉर्सन. यात चकत्या नाहीत, सगळी मात्रा तिरप्या दात्यांची. पकड असलेल्या चाकाकडे तो दुसऱ्याच्या काही पट जोर वळवतो, आणि तेही धक्का न देता. पुढे २०१५ पासून निघालेल्या शेल्बी जीटी ३५० या मस्टँगमध्ये फोर्डने कारखान्यातूनच टॉर्सन दिला. त्याचीही एक दुखरी नस आहे. ट्रॅकच्या कडेवर चढून एखादे चाक पूर्ण हवेत गेले, की शून्याची कितीही पट शून्यच! तेव्हा ब्रेक हलकेच दाबून त्या चाकाला थोडा विरोध दिला, की गाडी पुन्हा ओढू लागते. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या गाडीसाठी तरीही हाच सर्वांत समजूतदार.

दात्यांचे प्रमाण निवडताना अनेकांची हाव सुटते. ३.०८ ऐवजी ४.१० घातले, की ताशी १०० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे १,७०० वरून २,२५० च्या पुढे जातात. सुपरचार्जर असलेल्या इंजिनाला मुळातच जोर उदंड, त्यावर ४.१० म्हणजे फक्त टायर जाळणे आणि पेट्रोल पिणे. ३.२७ किंवा ३.५५ पुष्कळ झाले.

आणि नवी जोडी बसवली म्हणून त्याच रविवारी ट्रॅक गाठायचा नाही. आधी पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालवून आस पूर्ण थंड होऊ द्यायचा, असे काही वेळा करायचे. सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलायचे. पहिल्याच फेरीत मागून बारीक शीळ ऐकू आली, तर रेडिओचा आवाज न वाढवता गाडी परत मिस्त्रीकडे न्यायची. दात्यांची बैठक चुकलेली असते.