शेतात उतरणाऱ्या विमानांबाबत निवेदन

प्रति,
मा. सक्षम अधिकारी महोदय,

विषय : इंजिन बंद पडून शेतात उतरणाऱ्या लहान विमानांमुळे होणाऱ्या पीकनुकसानीची भरपाई व गावपातळीवरील तयारी. (स्मरणपत्र)

महोदय,

याच विषयावर आम्ही यापूर्वीही निवेदने दिली. पोच आहे, उत्तर नाही.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीचे सेस्ना १५२ हे प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडले. शिकाऊ मुलगी एकटी लांबच्या सरावावर होती. सुदैवाने किरकोळ जखमांवर निभावले. तेव्हा आम्ही पहिले निवेदन दिले. "भरपाईची पद्धत महिनाभरात ठरवून कळवतो," असे आश्वासन मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ, अशी चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली. आम्ही पुन्हा आलो. विषय पुढच्या बैठकीत घेऊ, असे सांगितले गेले. बैठक झाली, विषय आला नाही.

ही गावे पुणे जिल्ह्यातली, तुम्हा मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांचा काय संबंध, असे आम्हाला विचारले जाते. संबंध आमच्या शिवाराचा आहे. इंजिन बंद पडल्यावर असे विमान दर हजार फूट उंचीला जेमतेम अडीच किलोमीटर तरंगत जाते. दोन हजार फुटांवर असेल तर वैमानिकाच्या हाती दोन-तीन मिनिटे उरतात आणि तेवढ्यात तो मोकळे, सपाट रान शोधतो. भीमा आणि माण नद्यांच्या खोऱ्यातले आमचे काळे रान असेच आहे, झाडोरा कमी आणि नजर पोचेल तिथवर सपाट. अडलेल्या वैमानिकाने इथे जरूर उतरावे, त्याचा जीव वाचावा. त्याबद्दल आमची काडीची तक्रार नाही.

तक्रार त्यानंतरची आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आपणही भाषणांतून सांगता. पण ही ज्वारी कोरडवाहू रानात वर्षातून एकदाच येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, फेब्रुवारी-मार्चात काढायची. माणसाच्या वर गेलेल्या ताटांत विमान घुसले तर एक पट्टाच मोडेल. खरे नुकसान पुढे होते. बघ्यांची गर्दी चहूबाजूंनी रान तुडवते. गाड्या, जीप, क्रेन बांध फोडून आत येतात. चौकशी होईपर्यंत सांगाडा जागेवरच राहतो, पहारा बसतो, मालकालाच आपल्या रानात पाऊल टाकता येत नाही. काढणीला आलेली कणसे पाखरे खातात, कडबा जागेवर कुजतो. तो कडबा गेला की उन्हाळ्यात जनावरांपुढे काय टाकायचे? त्यात सेस्ना १५२ च्या टाक्यांत सुमारे ९८ लिटर पेट्रोल मावते, आणि या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये शिसे असते. ते मातीत मुरले तर पुढचा हंगाम कुणी तपासायचा? पीकविम्यात हे नुकसान बसत नाही, नैसर्गिक आपत्तीतही नाही. विमानाचा विमा असतो, वैमानिकाचा असतो. ज्याच्या रानात ते पडले, तो तलाठ्याच्या मागे आणि उड्डाण संस्थेच्या दारात फिरत राहतो.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, विमान पडल्यापासून ४८ तासांत पिकाचा, कडब्याचा, बांधाचा आणि पाइपलाइनचा पंचनामा व्हावा. गर्दीने व यंत्रांनी केलेले नुकसान त्यात वेगळे लिहावे. मातीची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. भरपाई उड्डाण संस्थेकडून वसूल करून शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी. शेतकऱ्याने कोर्टात जावे, हे उत्तर आम्हाला चालणार नाही.

दुसरे, पहिला धावतो तो शेजारच्या रानातला माणूस. उलटलेल्या विमानात पट्ट्याला लटकलेल्या माणसाला आधी खालून आधार द्यायचा, मगच पट्टा सोडायचा. पेट्रोल गळत असेल तर आसपास विडी पेटवू द्यायची नाही, गर्दी लांब ठेवायची. एवढे तरी गावोगाव पोलीस पाटील आणि तरुणांना शिकवा. ग्रामपंचायतीत फलक लावण्याचे आपण मान्य केले होते. फलक अजून लागलेला नाही.

तिसरे, रानावर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा ओढून घ्याव्यात. तालुक्यासाठी रात्रंदिवस उचलला जाईल असा एक फोन क्रमांक द्यावा.

तोंडी आश्वासन आता नको. यंदाच्या रब्बीच्या पेरणीआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे आणि बैठकीला तालुक्यातील शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बोलवावेत. उत्तर न आल्यास पेरणी उरकून आम्ही आपल्या कार्यालयासमोर धरणे धरू. हेच पत्र त्याची पूर्वसूचना समजावी.

आपले विश्वासू,
मंगळवेढा तालुक्यातील शेतकरी व ग्रामस्थ

सोबत : यापूर्वीच्या निवेदनांच्या पोच घेतलेल्या प्रती