वगळलं म्हणजे नक्की काय केलं?

गेल्या जुलैत माझ्या लॅपटॉपची एसएसडी गेली. मी निवांत होतो, रेस्टिकने रोज रात्री बॅकअप होत होता ना! रिस्टोअर केलं, सगळं आलं... एक फोल्डर सोडून. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो.

नोव्हेंबरात कॅमेऱ्यातून काढून "नंतर नीट लावू" म्हणत ते 'टीएमपी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले होते. जानेवारीच्या सुरुवातीला बॅकअपची डिस्क भरत आली म्हणून वगळायच्या यादीत मी 'टीएमपी' अशी एक ओळ घातली. रेस्टिकमध्ये असं नुसतं नाव दिलं की त्या नावाचं फोल्डर कितीही आत असलं तरी वगळलं जातं.

चूक माझीच, मान्य. पण जुन्या स्नॅपशॉटमध्ये फोटो होतेच की! ते टिकवायचा माझा नियम होता: रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे ६. फोटो असलेला शेवटचा स्नॅपशॉट डिसेंबर अखेरचा. महिन्याचा म्हणून तो मेपर्यंत टिकला. १ जूनला जानेवारी ते जून असे सहा महिने भरले, फर्गेटने तो काढला आणि प्रूनने जागा मोकळी केली. एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन्ही नियमांनी आपापलं काम चोख केलं.

वगळणं आणि टिकवणं या आपण दोन वेगळ्या सेटिंग समजतो. खरं तर वगळलं की त्याच रात्री जुन्या प्रतींचे दिवस मोजायला सुरुवात होते. तुम्ही डिलीट केलेली फाइल आणि 'हिच्याकडे बघू नकोस' म्हटलेली फाइल यांत स्नॅपशॉटला फरक कळत नाही. हे काही नवीनही नाही. आयबीएमच्या टिव्होली स्टोरेज मॅनेजरमध्येसुद्धा फाइल वगळली की पुढच्या इन्क्रिमेंटलला तिची चालू प्रत निष्क्रिय व्हायची.

उलट बाजूही आहे. पासवर्डची फाइल आज वगळली तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये ती बसलेलीच असते. ती खरंच काढायची तर २०२३ मध्ये ०.१५ आवृत्तीत आलेली रिराइट कमांड वापरायची, मूळ स्नॅपशॉट काढायचे आणि मग प्रून. म्हणजे हवं ते सहा महिन्यांनी जातं आणि नको ते सहा महिने राहतं!

माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअरने इथे बोललं पाहिजे: "या ओळीमुळे आधी येत असलेल्या इतक्या फाइल्स यापुढे येणार नाहीत, शेवटची प्रत साधारण अमुक तारखेला जाईल." दोन्ही आकडे काढता येण्यासारखे आहेत.

तोवर मी काय करतो? यादीला हात लावायच्या आधी शेवटच्या स्नॅपशॉटला टॅग लावतो आणि फर्गेटला कीप-टॅग देतो. दुसऱ्या दिवशी दोन स्नॅपशॉटचा डिफ काढून काय काय गायब झालंय ते वाचतो. पाच मिनिटांचं काम.

असो. मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून १७ फोटो मिळाले, जरा धुरकट आहेत. आज रविवार आहे, तुमची यादी एकदा उघडून बघाच.