नकाशा आणि नोंदवही

भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा चढला, की त्यावर जे छापले आहे तेवढेच जग, असा आपला समज होतो. हा समज किती अपुरा आहे, हे मॉरिशस बेटाच्या एका जुन्या नकाशावरून दिसून येईल.

हा नकाशा देक्यूब नावाच्या नकाशाकाराने १८८० साली तयार केला. किनाऱ्यालगत व आतल्या पठारावर पसरलेले उसाचे मळे त्यांच्या नावांसह त्यात आढळतात. १८६४ पासून धावू लागलेल्या आगगाडीचे मार्गही आढळतात. आढळत नाही तो ऊस तोडणारा माणूस.

इंग्रजांनी हे बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून जिंकले. १८२५ मध्ये येथील साखरेवरील जादा जकात इंग्लंडने उठविली आणि ऊसलागवड झपाट्याने वाढली. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणविले. पुढील पाऊणशे वर्षांत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी जपलेल्या गणेशचतुर्थीला आज तेथे सार्वजनिक सुटी असते.

या मजुरांचा मागमूस नकाशात नसला, तरी नोंदवह्यांत आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या या वह्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव व गाव लिहिलेले असून अनेकांची छायाचित्रेही आहेत. नकाशाकाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपले काम चोख केले. परंतु नकाशा जमीन सांगतो आणि नोंदवही माणूस सांगते. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून इतिहास पुरा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे आपल्याला विशेष लागू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; पांढुर्णा आणि सौंसर मात्र मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या नकाशात जाम नदी दिसेल, लोहमार्ग दिसेल. घरात कोणती भाषा बोलली जाते, संत्र्यांची बाग कोणी लावली, विहीर कोणी खणली, हे दिसणार नाही. ती माहिती आजी-आजोबांपाशी आहे आणि त्यांच्याबरोबर ती जाईल.

म्हणून प्रत्येकाने यंदा आपल्या गावाचा नकाशा काढावा आणि शेजारी एक वही ठेवावी. वडीलधाऱ्यांना विचारून शेतांची, पाणंदींची, विहिरींची नावे, आणि त्यासाठी राबलेल्या माणसांची नावे, मराठीत लिहावीत. ती लिहिणारा परका कोणी येणार नाही.