कोरे विलॉक: एकच कारकीर्द, एकच भूमिका

कोरे विलॉक (१९२८–२०२१) हे नॉर्वेतील हॉयरे या परंपरावादी पक्षाचे नेते आणि १९८१ ते १९८६ या काळातले देशाचे पंतप्रधान. त्यांच्या कारकिर्दीबद्दल एक मत हल्ली फार ठासून मांडले जाते. विलॉक दोन होते, असे हे मत सांगते. पहिला सत्तेतला, खुल्या बाजाराचा झेंडा खांद्यावर घेतलेला, ब्रिटनच्या थॅचरबाईंचा उत्तरेकडचा अनुयायी. दुसरा सत्ता गेल्यावर पश्चात्ताप होऊन डावीकडे सरकलेला वृद्ध. पहिल्याने मोडले, दुसऱ्याने हळहळ केली, असा हा पूर्वपक्ष. तो चटकदार आहे, पण तपशिलाशी ताडून पाहिला की टिकत नाही.

विलॉक शिक्षणाने अर्थतज्ज्ञ. १९५८ ते १९८९ अशी सलग तीन दशके ते स्टोर्टिंगचे, म्हणजे नॉर्वेच्या संसदेचे, सदस्य होते. १९६३ मध्ये स्वालबार्डमधील खाण दुर्घटनेच्या प्रश्नावर मजूर पक्षाचे सरकार पडले. त्यानंतर आलेल्या योन लिंग यांच्या अल्पजीवी मंत्रिमंडळात ते व्यापार व जहाजवाहतूक मंत्री झाले. पंतप्रधान पेर बोर्टेन यांच्या काळात १९६५ ते १९७० तेच खाते पुन्हा त्यांच्याकडे होते. १९७० ते १९७४ या काळात ते पक्षाध्यक्ष होते. १९७२ च्या सार्वमतात युरोपीय समुदायात सामील व्हावे ही त्यांची बाजू हरली. या पराभवावरून त्यांना जनतेपासून तुटलेला नेता ठरवण्याची खोड जुनी आहे. ५३.५ टक्के मतदारांनी नकार दिला हे खरे. पण म्हणून उरलेल्यांची बाजू मांडणे हा जनतेशी द्रोह होत नाही. हरलेली बाजू म्हणजे खोटी बाजू, असे मानणाऱ्यांना लोकशाहीत विरोधी पक्ष कशासाठी असतो हेच उमगलेले नाही.

१९८१ मध्ये हॉयरेला जवळजवळ ३२ टक्के मते मिळाली आणि विलॉक यांचे अल्पमतातील सरकार आले. १९८३ मध्ये ख्रिस्ती लोकपक्ष आणि केंद्र पक्ष त्यात सहभागी झाले. आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरील सरकारी मक्तेदारी सैल झाली, दुकानांच्या वेळांवरचे आणि गृहनिर्माण संस्थांतील घरांच्या किमतींवरचे निर्बंध उठले. आक्षेपकांची यादी इथे संपते. जणू याच्या पलीकडे त्या सरकारने काही केलेच नाही!

त्याच सरकारने १९८४ मध्ये विरोधी मजूर पक्षाशी समझोता करून स्टाटऑइल या सरकारी तेल कंपनीच्या वाट्याची फेररचना केली. उत्तर समुद्रातील उत्पन्नाचा मोठा हिस्सा १९८५ पासून कंपनीच्या तिजोरीऐवजी थेट राज्याच्या तिजोरीत जाऊ लागला. बाजाराचा अंध भक्त अशा वेळी कंपनी विकायला काढतो. विलॉक यांनी सार्वजनिक संपत्ती सार्वजनिक ताब्यात घट्ट केली.

पूर्वपक्षाचा खरा निकाल मात्र १९८६ मध्ये लागतो. १९८५ च्या निवडणुकीत १५७ जागांपैकी सत्ताधारी आघाडीला ७८ आणि मजूर पक्ष व समाजवादी डाव्यांना मिळून ७७ जागा मिळाल्या. उरलेल्या दोन जागा प्रगती पक्षाच्या, म्हणजे कर कमी करा हाच घोष असलेल्यांच्या. सरकारचा श्वास त्या दोन जागांवर अवलंबून होता. तेवढ्यात तेलाचे भाव कोसळून निम्म्याखाली आले. तिजोरीत खड्डा पडणार हे उघड होते. लोकांना गोड बोलून वर्ष निभावता आले असते. विलॉक यांनी पेट्रोलवरील कर वाढवण्याचा प्रस्ताव आणला आणि त्यावर सरकारचे अस्तित्व पणाला लावले. प्रगती पक्षाने विरोधकांच्या बरोबरीने मत दिले आणि सरकार पडले. मे महिन्यात मजूर पक्षाच्या ग्रो हार्लेम ब्रुन्टलँड पंतप्रधान झाल्या आणि त्याच महिन्यात क्रोन या चलनाचे अवमूल्यन करावे लागले; संकट कल्पनेतले नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. करकपातीचा प्रचारक म्हणून ज्याला रंगवले जाते, तो माणूस कर वाढवण्यासाठी पंतप्रधानपद गमावतो, आणि त्याला पाडणारी निर्णायक मते करकपातवाद्यांची असतात. दोन विलॉक मानणाऱ्यांनी ही घटना कोणत्या विलॉकच्या खात्यावर मांडायची ते ठरवावे. पश्चात्तापाचे वय तेव्हा आलेले नव्हते.

कर्जावरील निर्बंध सैल केले आणि व्याजदर मात्र राजकीय सोयीने खाली ठेवले, हा आक्षेप वजनदार आहे. दशकाच्या अखेरीस आलेल्या बँक संकटाची एक मुळी तिथे आहे. पण स्वस्त व्याजाचा आग्रह सर्वपक्षीय होता.

मंडन थोडक्यात करता येते. विलॉक यांचा परंपरावाद म्हणजे मिळालेला ठेवा पुढच्या पिढीसाठी राखणे. १९८३ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, तेलाच्या उत्पन्नाचा विचार करणाऱ्या समितीने निधी स्थापण्याची सूचना केली; कायदा १९९० मध्ये झाला. १९८९ ते १९९८ ते ओस्लो आणि आकेर्शहुसचे प्रांतपाल होते. पुढे समाजाच्या असुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या शासकीय समितीचे ते अध्यक्ष झाले. तिचा अहवाल २००० मध्ये आला. उतारवयात त्यांनी वाढत्या विषमतेवर, हवामानबदलाकडे होणाऱ्या दुर्लक्षावर आणि इस्रायलच्या धोरणावर कडक टीका केली, स्वपक्षाचीही भीड ठेवली नाही. पेट्रोलवरील कराच्या वेळीही त्यांनी सहकाऱ्यांच्या सोयीपेक्षा देशाचा हिशेब मोठा मानला होता. ६ डिसेंबर २०२१ रोजी, ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत त्यांच्या पक्षात आणि प्रश्नांत बराच बदल झाला. भूमिका तीच राहिली.